एका गाडीला दोन पक्षी

नमस्कार,

आठ महिन्यांपूर्वी मी माझी पहिली गाडी घेतली. लाल. रंग मुलीने निवडला. तेव्हापासून सकाळी गाडीवर पक्ष्यांची शीट नाही असा दिवस गेलेला नाही. टपावर चार-पाच मोठे पांढरे डाग, आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशापासून दारावर खाली आलेले ओघळ. शेजारच्याच जागेत एक रुपेरी गाडी उभी असते, तिच्यावर कधीतरी एखादा ठिपका दिसतो. रविवारी दोन तास घालवून मी गाडी धुतो आणि सोमवारी सकाळी पुन्हा तेच. कुणी म्हणतं, पक्ष्यांना लाल रंग खुपतो. मला वेगळीच शंका येते. सुरुवातीला दोन-तीनदा मी कावळ्यांना काठी दाखवून हुसकावलं होतं, त्याचा हा सूड तर नसेल? बॉनेटवरचा एक वाळलेला डाग मी सुक्या फडक्याने घासून काढला, तर तिथे आता निस्तेज, खरखरीत चट्टा राहिलाय. वर झाडाची एक फांदी येते, ती तोडून घ्यावी का? की गाडीचा रंगच बदलू? खरं सांगतो, सकाळी खाली उतरायचंच नको वाटतं.

– लाल गाडीवाला

लाल गाडीवाले, नमस्कार.

पहिलीच गाडी, तीही मुलीच्या आवडीच्या रंगाची, आणि रोज सकाळी ती अशी बघायची. मन खट्टू होणारच. तुम्ही पत्रात इतकं नेमकं लिहिलंय की अर्धं उत्तर त्यातच सापडलं. 'टपावर मोठे डाग, आणि आरशापासून दारावर ओघळ' असं तुम्ही एका दमात लिहून गेलात. माझ्या मते या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पक्षी दोन, त्यांची कारणं दोन आणि उपायही दोन. तुम्ही त्या एकत्र मोजताय म्हणून सगळे पक्षी तुमच्याच गाडीवर उठलेत असं वाटतंय.

शीट कुठून आली हे तिच्या आकारावरून कळतं. उंचावरून पडलेली शीट आदळून फुटते. मध्ये गोळा आणि भोवती शिंतोडे, असा तिचा डाग होतो. गाडीवरच बसलेल्या पक्ष्याची शीट फुटत नाही. ती टेकते आणि उतार मिळेल तशी खाली ओघळते. उडता उडता टाकलेली असेल तर फराटा उमटतो, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला शेपटीसारखा निमुळता. टपावरचे डाग तुम्ही 'मोठे' म्हणता आणि ते रोज चार-पाच असतात. म्हणजे ते वर बसलेल्या पक्ष्यांचे आहेत, आणि ते पक्षी रोज त्याच जागी बसतात. दारावरचे ओघळ वरून आलेलेच नाहीत. तो पक्षी तुमच्या आरशावर येऊन बसतोय.

आधी टप.

उद्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, गाडीपाशी जाऊन उभे राहा. गाडीकडे पाहू नका, वर पाहा. ती फांदी नेमकी टपाच्या वर येते का? तिथून एखादी तार जाते का, दिव्याचा खांब आहे का, कुठे पत्र्याची कड किंवा पाइप पुढे आलाय का? कावळे, साळुंक्या, पारवे हे रात्री घोळक्याने एका ठिकाणी बसणारे पक्षी आहेत. पक्षी पाहणारे लोक त्या जागेला रातथारा म्हणतात. रातथारा एकदा ठरला की पक्षी महिनोन्महिने तिथेच परततात, आणि पुष्कळदा झाडाच्या त्याच भागात बसतात. तुमची गाडी रात्रभर एका जागी उभी असते. वरचे पक्षीही रात्रभर एका जागी असतात. आठ महिन्यांच्या डागांचा सगळा हिशेब माझ्या मते इथे लागतो.

सकाळीच डाग जास्त का दिसतात, हेही यातून कळेल. पक्ष्यांना आपल्यासारखं मूत्राशय नसतं. शरीरात द्रव साठवून ठेवणं हे उडणाऱ्या जिवाला जड ओझं. म्हणून ते थोड्या थोड्या वेळाने शिटत राहतात. रात्री कमी, पण पहाटे उठून झेप घ्यायच्या आधी बहुतेक पक्षी हलके होतात. एका फांदीवर पाच पक्षी झोपले असतील तर उजाडताना पाच डाग. तुम्ही तेच मोजताय.

शिटेचा पांढरा भाग म्हणजे विष्ठा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर ती पक्ष्याची लघवी. मधला काळपट किंवा हिरवट भाग ही विष्ठा. दोन्ही एकाच वाटेने, अवस्करातून, एकदम बाहेर पडतात. आपल्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून टाकतो, आणि त्यासाठी भरपूर पाणी लागतं. पक्षी त्याचं यूरिक आम्ल करतात. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे फार थोड्या पाण्यात, पांढऱ्या मलमासारखं बाहेर टाकता येतं. यामागे अंड्याचंही कारण आहे. कवचाच्या आत वाढणाऱ्या पिल्लाला स्वतःची घाण बाहेर टाकायला जागाच नसते. विरघळणारं काही असतं तर ते त्याच्याच अंगात भिनलं असतं. यूरिक आम्ल मात्र घट्ट होऊन एका कोपऱ्यात निमूट पडून राहतं. मला ही रचना नेहमीच फार सुंदर वाटत आली आहे.

पण जे पिल्लाला वाचवतं तेच गाडीवर चिकटून बसतं. पावसाची एखादी सर येऊन गेली तरी पांढरा डाग तसाच राहतो, तो यामुळे. पेरूच्या किनाऱ्याजवळची चिंचा बेटं आठवतात. पाऊस जवळपास नाही आणि समुद्रपक्षी लाखोंनी, त्यामुळे तिथे शिटेचे डोंगर साचले. ग्वानो नावाने ते खत जगभर विकलं जाई आणि त्याला एवढी किंमत आली की १८६४ साली स्पेनने ती बेटं ताब्यात घेतली आणि युद्ध पेटलं.

शेजारची रुपेरी गाडी मग का वाचते? शेजारी उभ्या दोन गाड्यांच्या टपांमधलं अंतर, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, असतं जेमतेम अडीच-तीन मीटर. पण फांदीवरून पडणारी शीट जवळपास सरळ खाली येते. दोन मजल्यांच्या उंचीवरून पडली तरी वारा नसताना ती फारशी सरकत नाही. त्यामुळे पक्ष्यांच्या बरोबर खाली असणं आणि एक गाडी बाजूला असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मी स्वतः कितीतरी दिवस एका दिव्याच्या खांबाखाली गाडी लावत होते. खांबाच्या आडव्या दांड्यावर पारव्यांची एक जोडी बसायची. तो दांडा माझ्या लक्षात आला तो गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा. रिकाम्या जागेत जमिनीवर एक पांढरा पट्टा उमटला होता, दांड्याच्याच लांबीचा. मग मी गाडी चार हात पुढे घ्यायला लागले आणि टप स्वच्छ राहू लागला. तुम्हीही एकदा गाडी काढल्यावर खालच्या फरशीकडे नीट पाहा. गाडी जिथे नसते तिथेही डाग पडलेले दिसतील. जमिनीवरचे डाग आपण कुणीच मोजत नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. डागात पांढरं अजिबात नसेल, नुसते तपकिरी-जांभळे शिंतोडे आणि त्यात बिया किंवा फळाचा चोथा असेल, तर ते पक्ष्यांचं काम नाही. झाडाला फळं धरलेली असताना रात्री वटवाघळं येतात. ती सस्तन प्राणी, त्यामुळे त्यांच्या विष्ठेत तो पांढरा भाग नसतो. आणि काळी बारीक लेंडी नि तिच्या टोकाला पांढरा ठिपका, असं दिसलं तर ती पाल. तिच्या शरीरातही यूरिक आम्लच तयार होतं. फळं खाणाऱ्या पक्ष्यांची शीट रंगीत असते आणि तिचा डाग जास्त चिवट असतो. तो हंगाम संपला की आपोआप थांबतो.

आता आरसा. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, कारण इथे एक गोष्ट घडतेय आणि तुम्ही ती अजून पाहिलेली नाही.

विणीच्या हंगामात अनेक पक्षी आपापली हद्द राखतात. त्या हद्दीत आपल्याच जातीचा दुसरा नर दिसला की ते त्याच्यावर धावून जातात. धोबी, दयाळ, चिमण्या, बुलबुल, शिंजीर यांना गाडीच्या आरशात हा 'दुसरा' दिसतो. तो हटत नाही. आपण चोच मारली की तोही मारतो, आपण पंख फुलवले की तोही फुलवतो. दमून पक्षी आरशाच्या वर बसतो, थोडं थांबतो, खाली वाकून बघतो. शत्रू अजून तिथेच असतो, मग पुन्हा झटापट. या सगळ्यात तो अनेकदा शिटतो, आणि ते आरशाच्या कडेवरून दारावर उतरतं. आरशात दिसतं ते आपलंच रूप आहे, हे ओळखणारे पक्षी फार थोडे. २००८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांच्या गळ्यावर, फक्त आरशात पाहूनच दिसेल असा रंगीत ठिपका लावला, आणि त्यातल्या काहींनी आरशात पाहून तो ठिपका स्वतःच्या अंगावरून काढायचा प्रयत्न केला. तुमच्याकडे येणाऱ्या पक्ष्याला ते जमत नसणार. तो बिचारा रोज एका न हरणाऱ्या शत्रूशी लढतोय. सकाळी काचेवर चोचीच्या आणि पंखांच्या पुसट खुणा दिसतात का पाहा. दिसल्या तर शंका उरणार नाही.

याचा उपाय सोपा आहे आणि त्यात तुमच्याइतकंच त्याचंही भलं आहे. गाडी लावली की दोन्ही आरशांवर कापडी पिशवी घाला. जुना पायमोजा पुरेसा मोठा असेल तर तोही चालेल. आरसे नुसते मिटून घेतले तर कधी कधी काम होतं, पण काही गाड्यांत मिटल्यावरही काचेची कड उघडी राहते आणि पक्षी ती शोधून काढतो. पिशवी घातली की शत्रू नाहीसा. काही दिवसांत पक्षी तिथे यायचा थांबतो आणि लढाईत जाणारा वेळ घरट्याला देतो. विणीचा हंगाम सरला की पिशवीची गरजही सरते. पाऊस असेल तर पिशवी ओली राहू देऊ नका, आणि सकाळी निघताना ती काढायला विसरू नका, म्हणजे झालं.

रंगाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण मनात तोच पहिला असावा. 'पक्ष्यांना लाल खुपतो' हे वाक्य कुठून येतं ते सांगते. २०१२ साली ब्रिटनमधल्या हॅलफर्ड्स या गाड्यांचं साहित्य विकणाऱ्या कंपनीने ब्रायटन, ग्लासगो, लीड्स, मँचेस्टर आणि ब्रिस्टल या पाच शहरांतल्या १,१४० गाड्या पाहिल्या. शीट सापडली ती लाल गाड्यांपैकी १८ टक्क्यांवर, निळ्यांपैकी १४, काळ्यांपैकी ११, पांढऱ्यांपैकी ७, करड्या-रुपेरींपैकी ३ आणि हिरव्यांपैकी १ टक्क्यावर. बातमी जगभर फिरली आणि लाल रंग बदनाम झाला. तुमची लाल आणि शेजारची रुपेरी, म्हणजे हे आकडे तुमच्यासाठीच काढल्यासारखे वाटतील.

पण आकडे नीट वाचू या. गाडी झाडाखाली होती की उघड्यावर, रात्रभर होती की तासभर, धुऊन किती दिवस झाले होते, हे त्या टक्क्यांत कुठेच दिसत नाही. हिरव्या गाड्या रस्त्यावर मुळातच कमी. मोजक्याच गाड्या असतील तर एक-दोन डागांनी टक्का वर-खाली होतो. शिवाय डोळ्यांना काय दिसतं हाही भाग आहे. पांढरी शीट लाल-निळ्या-काळ्यावर लांबून दिसते, रुपेरीवर ती जवळ जाऊन शोधावी लागते. शेजारच्या गाडीवरचा 'एखादा ठिपका' तुम्ही लांबून पाहिलाय की जवळून? एकदा हात फिरवून पाहा.

लाल रंगाचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पक्ष्यांना लाल उत्तम दिसतो. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, त्यांच्या चार प्रकारच्या. अनेक पक्ष्यांना तर आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो. पण लाल दिसला म्हणून त्यावर जाऊन शिटावं, असं वागण्याचं पक्ष्याला काही कारण नाही. खरा दुवा मला कीटकांत दिसतो. २००६ साली हंगेरीतल्या क्रिस्का, होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लाल आणि गडद रंगाच्या गाड्या पाण्यातल्या कीटकांना खेचून घेतात. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश आडवा ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेनेच हलतात, आणि तेच पाहून हे कीटक पाणी ओळखतात. चकचकीत बॉनेटवरूनही प्रकाश तसाच ध्रुवित होतो. लाल रंग निळा आणि अतिनील प्रकाश शोषून घेतो, आणि ध्रुवण बघताना यातले बरेचसे कीटक तोच प्रकाश वापरतात. म्हणून त्यांच्या लेखी लाल गाडी म्हणजे काळंभोर तळं. पांढऱ्या गाडीवरून तसा भास होत नाही. चतुर तर अशा गाड्यांवर अंडी घालायला येतात. त्याच होर्वाथ यांनी सहकाऱ्यांबरोबर बुडापेस्टमध्ये नदीकाठच्या काचेच्या इमारती पाहिल्या. तिथे ध्रुवित प्रकाशाला भुलून जमलेले कीटक टिपायला धोबी, चिमण्या, मॅगपाय येत होते. म्हणजे तुमच्या आसपास तळं, नदी, साचलेलं पाणी असेल, तर कीटक गाडीवर आणि कीटकांमागे पक्षी, अशी साखळी जुळू शकते. लांबच्या प्रवासानंतर पुढच्या जाळीवर किडे चिकटलेले असतात, तेही चिमण्या येऊन वेचतात. पण या पक्ष्यांची शीट असते बारीक, आणि पडते बॉनेटवर नि पुढच्या भागावर. तुमच्या टपावरच्या मोठ्या डागांचा खुलासा त्याने होत नाही.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका. शेजाऱ्यांशी बोला आणि पंधरा दिवस जागा बदलून घ्या. तुमची लाल त्यांच्या जागी, त्यांची रुपेरी तुमच्या जागी. रोज सकाळी दोन्ही टपांवरचे डाग मोजून एका कागदावर मांडा. मुलीला सांगा, ती आवडीने करेल. डाग लाल गाडीबरोबर गेले तर रंगाचा दोष, जागेवरच राहिले तर जागेचा. शेजाऱ्यांची गाडी खराब व्हायची भीती आहेच, त्यामुळे त्यांना आधी नीट कल्पना द्या आणि धुवायची तयारी तुमची ठेवा. ते नाहीच म्हणाले तर तुमच्याच जागेत गाडी उलट तोंडाने लावून पाहा. डाग टपाच्या पुढच्या टोकावरून मागच्या टोकाकडे सरकले तर उत्तर मिळालंच.

आणि सूड? या शंकेला मी हसणार नाही, कारण कावळा माणसाचा चेहरा खरोखर लक्षात ठेवतो. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी २००६ साली मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे कलकलाट करत अंगावर यायचे, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. जे कावळे पकडले गेलेच नव्हते तेही त्यात सामील झाले. नेम धरून शिटणारे पक्षीही आहेत. युरोपात फील्डफेअर नावाचा कस्तुर कुळातला पक्षी घरट्याजवळ आलेल्या शिकारी पक्ष्यावर थव्याने शिटेचा मारा करतो. पण या दोन्हींत रोख असतो समोरच्या जिवंत शत्रूवर, आणि तो शत्रू समोर असतानाच. तुम्ही गाडीजवळ जाता तेव्हा कावळे ओरडत डोक्यावरून झेपावतात का? पत्रात तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. पहाटे, तुम्ही वर झोपलेले असताना पडलेल्या शिटेत राग शोधू नका. काठी मात्र ठेवून द्या. तिने रातथारा हलणार नाही, आणि कावळ्यांच्या नजरेत तुमचा चेहरा मात्र उगाच खराब होईल.

आता बॉनेटवरचा चट्टा, कारण खरं नुकसान इथे झालंय.

गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. सगळी चमक त्याची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. कडक उन्हात गडद गाडीचं बॉनेट ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतं. तापला की हा थर किंचित मऊ होऊन फुगतो. त्याच वेळी वरची शीट वाळून आवळत जाते आणि कडक होते. संध्याकाळी थर गार होऊन आकसतो तो या कडक खपलीला धरूनच, आणि तिचा खडबडीतपणा त्यात उमटतो. शिवाय शिटेत पचनाचे एन्झाइम असतात. इराणमधल्या रंगतज्ज्ञांनी पॅनक्रिएटिन, म्हणजे स्वादुपिंडातल्या एन्झाइमांचं मिश्रण, क्लिअर कोटवर लावून पाहिलं, तर खऱ्या शिटेसारखंच नुकसान झालं. हे एन्झाइम थरातले रासायनिक बंध तोडतात, आणि उष्णता त्यांना मदत करते. म्हणून सावलीतला डाग संध्याकाळपर्यंत कदाचित थांबेल, उन्हातला थांबत नाही. तुम्ही रविवारची वाट पाहता, हे पहिलं बदला.

दुसरी गोष्ट, सुकं फडकं. वाळलेल्या शिटेत वाळूचे कण आणि बियांचे तुकडे असतात. दाणे खाणारे पक्षी चरताना खडेही गिळतात. सुक्या फडक्याने घासणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. वाळलेल्या डागावर वायपर चालवू नका, तेही याच कारणाने. नखाने किंवा ब्लेडने तर खरवडूच नका. शिवाय सुकी शीट खरवडली की धूळ उडते आणि ती श्वासात जाते. पक्ष्यांच्या शिटेतून माणसाला फुप्फुसाचे काही आजार होऊ शकतात, त्यामुळे ती आधी भिजवणं गाडीइतकंच तुमच्यासाठीही गरजेचं आहे.

रोज सकाळी पाच मिनिटं लागतील असं करा. कोमट पाण्याची बाटली आणि टिश्यू पेपरचा गठ्ठा गाडीत ठेवा. टिश्यू भिजवून डागावर पसरा, पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या, जाड खपली असेल तर पुन्हा भिजवा. मग घासू नका, कडेकडून उचलून घ्या. उरलेलं ओल्या मायक्रोफायबर कापडाने, दर वेळी कापडाची नवी घडी उलटून, हलकेच टिपा. गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना हे करा. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच उडून जातं आणि सगळी मेहनत वाया जाते. हातमोजे घाला किंवा नंतर साबणाने हात धुवा. दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स लावलंत तर क्लिअर कोटच्या आधी ते झिजतं आणि तुम्हाला थोडा वेळ मिळतो. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवरही शीट दिवसभर उन्हात राहिली तर खूण उमटते, त्यामुळे तेवढ्यासाठी खर्चात पडू नका.

आत्ताच्या चट्ट्यावरून नख हळूच फिरवून पाहा. नख अडकत नसेल तर चांगल्या माणसाकडून तेवढ्याच भागाचं मशिन पॉलिश करून घ्या, पुष्कळ फरक पडेल. पण पॉलिश म्हणजे तोच पातळ थर काही मायक्रॉनने घासून सपाट करणं, त्यामुळे ते दर महिन्याला करायची गोष्ट नाही. नख अडकत असेल तर एवढंच बॉनेट पुढेमागे रंगवावं लागेल. तेही डाग पडायचे थांबल्यावरच.

फांदी तोडू नका. रातथाऱ्याची एक फांदी गेली तर पक्षी शेजारच्या फांदीवर सरकतात, आणि ती कदाचित शेजाऱ्यांच्या टपावर असेल. विणीच्या दिवसांत तिथे घरटीही असतील. प्लॅस्टिकचं घुबड, चकचकीत पट्ट्या, जुन्या सीडी यांना पक्षी काही दिवस बिचकतात आणि मग सरावतात. कावळा तर लवकर ओळखतो. फांद्यांवर किंवा कठड्यांवर लावायचं चिकट जेल मिळतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. लहान पक्ष्यांचे पंख त्यात अडकतात आणि ते तडफडून मरतात. टपासाठी खरा उपाय म्हणजे गाडी चार हात सरकवणं. ते शक्य नसेल तर कव्हर. कव्हर घालण्याआधी गाडीवरची धूळ झटकून घ्या, नाहीतर कव्हर हलताना तीच धूळ रंगावर ओरखडे काढते. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. कव्हरवरची शीटही धुवा, बाहेर ठेवून वाळवा, मगच घडी करा.

रंग बदलायचा विचार सोडून द्या. मुलीने निवडलेला लाल तसाच राहू दे. आरशांवर पिशव्या आजच रात्री घाला, संध्याकाळी वर पाहायचं ते उद्या, आणि जागा बदलल्यावर पंधरा दिवसांनी तिने मांडलेला कागद मला पाठवा. आरशाशी भांडणारा पक्षी नेमका कोणता, हे तिला ओळखता आलं तर तेही त्यात लिहायला सांगा.